मेजर रॉबर्ट गिल

धावडा व त्याच्या आसपासच्या गावांतील मुलांस अजिंठ्याची लेणी परकी नाहीत. परंतु तेथील चित्रांच्या प्रती काढण्यात ज्या पुरुषाने आपले आयुष्य वेचले, त्याचे चरित्र फार थोड्यांस ठाऊक असते.

रॉबर्ट गिल यांचा जन्म इ. स. १८०४ मध्ये लंडन येथे झाला. तरुणपणी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाले. चित्रकलेतही त्यांचा हात चांगला होता. इकडे १८१९ मध्ये इंग्रज शिकाऱ्यांच्या दृष्टीस पडलेली अजिंठ्याची चित्रे ओल, धूर व वटवाघळे यांमुळे नष्ट होत चालली होती. ती नाहीशी होण्यापूर्वी त्यांच्या हुबेहूब प्रती काढाव्यात, या हेतूने १८४४ मध्ये गिलसाहेबांची नेमणूक झाली. अजिंठा गावच्या बारादरीत त्यांनी बिऱ्हाड केले आणि लेण्यांतील अंधूक उजेडात, मोठमोठ्या कॅनव्हासवर, तैलरंगांत जवळजवळ वीस वर्षे काम केले.

पुढे त्यांनी छायाचित्रणाची कला हस्तगत केली. जेथे एका चित्रास महिनोगणती काळ लागे, तेथे काचेच्या पट्टीवर प्रतिमा काही मिनिटांत उतरू लागली. १८६४ मध्ये फर्ग्युसन या विद्वानाने त्यांची छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. वेग साधला; परंतु त्या छायाचित्रांत भिंतीवरील रंग येत नसत. सत्वरता हवी की मुळाशी साम्य हवे, हा पेच त्यांच्या दोन्ही कलांमध्ये होता.

डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली व तेथे मांडलेल्या त्यांच्या बहुतेक प्रती जळून गेल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. तरीही गिलसाहेबांनी अजिंठा सोडला नाही. एप्रिल १८७९ मध्ये त्यांचे देहावसान झाले. भुसावळ येथे त्यांची कबर आहे.

बालमित्रांनो, हाच पेच आजच्या चलच्चित्रांपुढेही आहे. ज्यास आपण व्हिडिओ म्हणतो, त्यात सेकंदास २५ चित्रे धरली व प्रत्येकात १९२० गुणिले १०८० बिंदू धरले, तर एका सेकंदाचा मजकूर सुमारे १५.५ कोटी बाइट होतो. एवढा भार वाहणे कठीण. म्हणून संगणक त्याचा संक्षेप करतो. मागील चित्रात जे आले तेच पुन्हा लिहीत नाही, व डोळ्यास न जाणवणारे बारकावे गाळतो. संक्षेपाच्या दोन रीतींची तुलना करावयाची, तर मूळ चित्र एकच, यंत्र एकच व अंतिम आकारही सारखाच ठेवावा लागतो. मग मूळ व प्रत यांतील बिंदू बिंदू ताडून फरकांच्या वर्गांची सरासरी काढतात; ती जितकी लहान, तितकी प्रत मुळाच्या जवळ. लागलेला वेळ निराळा मोजतात. संगणकास शोधावयास अधिक अवधी दिला, तर त्याच आकारात बहुधा अधिक चांगले चित्र मिळते. तथापि आकड्यांनी सर्व कळत नाही. शेवटी मनुष्याच्या डोळ्यासही साक्षीस बोलवावे लागते.

या सर्व परीक्षेस मूळ चित्र शाबूत असावे लागते. मूळच गेले, तर प्रत खरी की खोटी हे कोणी ठरवावे? म्हणून लेणी पाहावयास जाल तेव्हा भिंतीस हात लावू नका, त्यांवर नावे कोरू नका. गिलसाहेबांच्या बहुतेक प्रती राख झाल्या. त्यांनी ज्यांवरून त्या काढल्या, त्या भिंती जपणे मात्र आपल्या हाती आहे.