कोणाच्या मिनिटाचे वजन किती?

आमच्या कसबा बावड्यातल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात १८७४ साली कागलकर घाटग्यांच्या घराण्यात यशवंतराव जन्मले. १८८४ साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या बाजूने पाहणार आहे.

कोल्हापूर-मिरज लोहमार्गाची पायाभरणी १८८८ साली याच किशोरवयीन महाराजांच्या हस्ते झाली. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. मार्ग एकेरी. समोरासमोरच्या दोन गाड्यांचे क्रॉसिंग स्थानकातच होणार. तिथे एकीने थांबायचे. कोणी, हा वेळापत्रकाचा गाभा. एका क्रॉसिंगला दोन पर्याय, दहांना १,०२४, विसांना दहा लाखांहून अधिक! पूर्वी हे कोडे कागदावर तिरक्या रेघा ओढून सोडवीत. आता संगणकावरचे गणित पर्यायांच्या फांद्या तपासते. हाती असलेल्या उत्तराहून सरस उत्तर जिथे निघूच शकत नाही, ती फांदी पुढे न जाता छाटते. नेदरलँड्सने २००६ च्या अखेरीस आपले वेळापत्रक अशाच गणिताच्या आधारे नव्याने बांधले.

बँकेत हयात गेल्यामुळे मला एवढे कळते, की बेरीज बिनचूक असली तरी ती कशाची मांडली हे पाहावे लागते. सर्व गाड्यांचा एकूण उशीर कमी करायचा, की पॅसेंजरमधल्या माणसाचा खोळंबा? एक्स्प्रेसच्या मिनिटाला जास्त वजन दिले, की पॅसेंजर बाजूच्या रुळावर उभी राहणार आणि गणित तरीही बरोबरच असणार.

महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला आणि वजनेच बदलली. १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. १९१७ मध्ये याच लोहमार्गावर वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले. गाडीने कुठे थांबावे हे ठरण्याआधी त्यांनी थांबण्याचे कारण उभे केले. मधल्या काळात, १९०२ साली, संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखल्या. बाजूच्या रुळावर सदैव कोणी थांबायचे, हा प्रश्न त्यांनी तिथेही विचारला.

१९२२ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले. वेळापत्रक संगणकाने खुशाल करावे. मात्र कोणाच्या मिनिटाला किती वजन दिले, तेही त्याच वेळापत्रकात छापावे.