मोर पाळणारी लेखिका

मार्च-एप्रिलमध्ये इब्रामपूरला काजूचा हंगाम भरात असतो. त्या दिवसांत सकाळी घरात कुणी सापडत नाही, सगळे बोंडू गोळा करायला गेलेले. दोन वर्षांपूर्वी मात्र माझी मावसबहीण दिवसभर पडवीतच बसून असायची. बोटांचे सांधे सुजलेले, अंगात बारीक ताप, नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल चट्टे. आधी संधिवाताची औषधं झाली. मग कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं नजर. शेवटी रक्ततपासणीतून नाव कळलं: लुपस. ती तेव्हा एकवीस वर्षांची होती. हे नाव बाहेर काढायचं नाही असं घरात ठरलं, कारण पोरीचं लग्न व्हायचंय. सुरुवातीचे काही आठवडे तर ते तिलाही सांगितलं नव्हतं.

या आजाराविषयी वाचता वाचता मला फ्लॅनरी ओ'कॉनर भेटली. अमेरिकेतली मोठी कथाकार. तिच्याही घरी नेमकं हेच घडलं होतं.

आधी आजाराविषयी थोडंसं. आपली रोगप्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढायची सोडून आपल्याच शरीरावर उलटते, त्याचा हा एक प्रकार. त्वचा, सांधे, मूत्रपिंडं, रक्त, कशावरही हल्ला होतो. तो संसर्गजन्य नाही. बहुतेक रुग्ण बायका असतात आणि तोही ऐन तारुण्यात गाठतो. कधी भडकतो, कधी महिनोन्‌महिने शांत राहतो. उन्हाने तो चेतू शकतो. लॅटिनमध्ये लुपस म्हणजे लांडगा.

फ्लॅनरीचा जन्म 25 मार्च 1925 रोजी जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात, एका कॅथलिक कुटुंबात झाला. एकुलती एक मुलगी. लहानपणापासून पक्ष्यांचं वेड. तिने आपल्या एका कोंबडीला उलटं चालायला शिकवलं होतं आणि ते चित्रित करायला चक्क पाथे न्यूजचा कॅमेरा तिच्या घरी आला होता! पुढे कुटुंब मिलेजव्हिल या लहान गावी आलं. वडिलांना लुपस होता. त्या काळी त्यावर इलाज नव्हता. 1941च्या फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा फ्लॅनरी पंधरा वर्षांची होती.

गावातल्याच मुलींच्या कॉलेजात ती शिकली. कॉलेजच्या अंकांसाठी ती व्यंगचित्रं काढायची, हे आपल्या मंडळाच्या चित्रकारांनी ध्यानात ठेवावं. 1945मध्ये पदवी घेऊन ती आयोवा विद्यापीठातल्या लेखन कार्यशाळेत दाखल झाली. 1946मध्ये पहिली कथा छापून आली, 'द जेरेनियम'. मग ती पूर्वेकडे गेली आणि कनेक्टिकटमध्ये फिट्झजेराल्ड या स्नेही कुटुंबाकडे राहून पहिली कादंबरी लिहू लागली. घरापासून लांब, स्वतःच्या पायावर उभी, हातात कादंबरी. आपल्यातल्या कितीजणांचं हेच स्वप्न असतं.

डिसेंबर 1950. टाईप करताना दंड जड वाटू लागले होते. नाताळला घरी निघाली आणि रेल्वेतच प्रकृती ढासळली. घरी पोचली ती थेट इस्पितळात. वय पंचवीस. तापाने केस गळले, औषधाने चेहरा सुजला, रक्त द्यावं लागलं. डॉक्टरांनी ओळखलं की हा लुपस आहे. पण नवऱ्याला याच आजारात गमावलेल्या आईने ठरवलं, लेकीला सांगायचं नाही. तिला संधिवात आहे असंच सांगितलं गेलं.

दीड वर्ष ती हेच समजून जगली. बरी झाली की पुन्हा पूर्वेकडे जायचं, एवढाच तिचा बेत. 1952च्या उन्हाळ्यात ती फिट्झजेराल्डांकडे गेली, तेव्हा मैत्रीण सॅली हिला राहवलं नाही. तिने खरं काय ते सांगून टाकलं. फ्लॅनरीला धक्का बसला, पण तिने सॅलीचे आभारच मानले. मग तिथलं आपलं सामान गावी मागवून घेतलं आणि कायमची आईपाशी राहिली. नाव कळल्यावर ती खचली नाही. उलट त्यानंतरच तिला आयुष्याचा नीट हिशेब मांडता आला. आईची माया खोटी नव्हती, पण खोट्या नावावर कुणाला पुढचे बेत आखता येत नाहीत.

मिलेजव्हिलबाहेर त्यांचं अँडालुसिया नावाचं पाचशेहून जास्त एकरांचं शेत होतं. दुधाचा धंदा आई बघायची. जिना चढवेना म्हणून फ्लॅनरीची खोली तळमजल्यावर. तिथे तिने दिवस बांधून घेतला. सकाळी आईबरोबर चर्चला जायचं, मग दोन-तीन तास लिहायचं, रोज, सुचो वा न सुचो. तेवढीच ताकद असायची आणि ती दुसऱ्या कशावर खर्च करायची नाही. दुपारी पाहुणे, पत्रं आणि पक्षी. 1952मध्ये तिने फ्लोरिडाहून मोर मागवले. ते वाढत वाढत चाळीसच्या आसपास गेले आणि आईच्या फुलझाडांचा फडशा पाडू लागले. मोर काय नुकसान करतात हे इब्रामपूरच्या माणसाला सांगायला नको. आम्ही हाकलून थकतो, या बाईने पैसे मोजून आणले!

तिला औषध होतं एसीटीएच, डुकरांच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीपासून काढलेलं. स्टेरॉइडचा काळ तेव्हा नुकता सुरू झाला होता. वडील बरीच वर्षं आधी आजारी पडले म्हणून त्यांना ते मिळालं नाही. औषधाने तिला वर्षं दिली, पण पुढे कमरेचं हाड कमजोर झालं आणि 1955पासून कुबड्या आल्या. कुबड्या घेऊनच तिने ठिकठिकाणी साठाहून जास्त व्याख्यानं दिली. 1958मध्ये एका नातेवाईक बाईंच्या आग्रहाखातर ती लूर्दला गेली. तिथे तिने हाडांसाठी नाही, हातातल्या कादंबरीसाठी प्रार्थना केली. ती कादंबरी 1960मध्ये आली. त्याआधी 1952मध्ये 'वाइज ब्लड' आणि 1955मध्ये 'अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड' हा गाजलेला कथासंग्रह आला होता.

तिच्या कथांमध्ये आजारपणाचं रडगाणं नाही. गर्विष्ठ, स्वतःला शहाणी समजणारी माणसं आणि त्यांना अचानक बसणारा तडाखा, असा तो मामला. वाचताना हसू येतं आणि मग अंगावर काटा येतो. मात्र तिला देव्हाऱ्यात बसवू नये. तिच्या खासगी पत्रांत कृष्णवर्णीयांविषयी बोचरे, वाईट शेरे आहेत. त्यावरून 2020मध्ये अमेरिकेतल्या एका जेझुइट विद्यापीठाने वसतिगृहाला दिलेलं तिचं नाव काढलं.

1964च्या सुरुवातीला तिच्यावर दुसऱ्याच कारणासाठी शस्त्रक्रिया झाली आणि शांत असलेला लुपस पुन्हा उठला. इस्पितळात लिहायला मनाई होईल म्हणून ती कागद उशीखाली दडवायची. 'जजमेंट डे' ही अखेरच्या कथांपैकी एक कथा तिने तेव्हा पुरी केली. ती म्हणजे 'द जेरेनियम' या पहिल्या छापील कथेचंच नवं रूप. 3 ऑगस्ट 1964 रोजी ती गेली, वय एकोणचाळीस. मिलेजव्हिलमध्ये वडिलांशेजारीच तिला पुरलं. 1972मध्ये तिच्या समग्र कथांना नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं.

आज गोष्ट बदलली आहे. मलेरियासाठी निघालेलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन लुपसच्या रुग्णांना नेमाने दिलं जातं, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवता येतं, आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुतेकजण पुढची अनेक वर्षं जगतात, शिकतात, संसार करतात.

माझ्या बहिणीला अखेर डॉक्टरांनी समोर बसवून सगळं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन गोळ्यांच्या वेळा लिहून काढल्या. आता ती उजाडायच्या आत काजूत जाते, लांब बाह्यांचा सदरा आणि टोपी घालून, आणि ऊन चढायच्या आधी परत येते. उरलेला वेळ पडवीत बिया निवडते, अभ्यास करते. थकवा आला की सरळ आडवी होते, कुणाची माफी मागत नाही. मी तिला फ्लॅनरीची ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने एकच विचारलं, त्या बाईच्या आईने शेवटी मोर ठेवू दिले का. दिले, म्हटलं. ती हसली. आजाराचं नाव आता ती विचारणाऱ्याला सरळ सांगते. मावशी अजून इकडेतिकडे बघते, पण गप्प बस म्हणत नाही.