विश्लेषण : मालकी गेल्यावरही जेआरडी टाटांनी एअर इंडिया २५ वर्षे कशी सांभाळली?

तोट्यात रुतलेली एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी केंद्र सरकारकडून टाटा समूहाकडे परत आली. ‘घरवापसी’ म्हणून त्या व्यवहाराची मोठी चर्चा झाली. मात्र १९५३ मध्ये कंपनी सरकारजमा झाल्यावरही तिचे संस्थापक जेआरडी टाटा यांनी तिची साथ सोडली नव्हती. पुढची २५ वर्षे, एक रुपयाही पगार न घेता, ते तिचे अध्यक्ष होते. एअर इंडियाचा सर्वाधिक नावलौकिकाचा काळही हाच.

विमानाचे वेड कुठून आले?

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. उत्तर फ्रान्समध्ये हार्देलो येथे समुद्रकिनारी हे कुटुंब सुट्टी घालवत असे. इंग्लिश खाडी विमानातून सर्वप्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचेही तिथे घर होते. विमानाची ओढ जेआरडींना तिथेच लागली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. भारत-इंग्लंड अंतर एकट्याने विमानातून कापण्याच्या आगाखान स्पर्धेत ते १९३० मध्ये उतरले. वाटेत इजिप्तमध्ये प्रतिस्पर्धी अ‍ॅस्पी इंजिनीअर स्पार्क प्लगअभावी अडकले होते. जेआरडींनी त्यांना आपल्याकडचे प्लग दिले आणि अखेर स्पर्धा अ‍ॅस्पींनीच जिंकली. हेच अ‍ॅस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले.

विमानसेवेची सुरुवात कशी झाली?

इंग्लंडहून हवाई टपाल तेव्हा कराचीपर्यंत येत असे. पुढे ते रेल्वेने जाई आणि त्यात वेळ मोडे. ब्रिटिश हवाई दलातले माजी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी कराची ते मद्रास टपालसेवेची कल्पना मांडली. टाटा समूहाने त्यासाठी सुमारे दोन लाख रुपये गुंतवले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी स्वतः ‘पस मॉथ’ हे छोटे विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तिथून पुढे व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. जुहूची धावपट्टी म्हणजे चिखलाचे मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, तेव्हा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. १९३८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले.

परदेशी उड्डाणे कधी सुरू झाली?

टाटा एअरलाइन्स १९४६ मध्ये ‘एअर इंडिया’ या नावाने सार्वजनिक कंपनी झाली. परदेशी सेवेसाठी १९४८ मध्ये ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ ही वेगळी कंपनी निघाली. त्यात सरकारचा वाटा ४९ टक्के होता, पण कारभार टाटांकडेच राहिला. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनकडे पहिली झेप घेतली.

सरकारने कंपन्या ताब्यात का घेतल्या?

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराला नको झालेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली. सरकारने परवानेही सढळ हाताने दिले. प्रवासी मोजके आणि कंपन्या अनेक, त्यामुळे बहुतेक कंपन्या तोट्यात गेल्या. त्यावर सरकारने राष्ट्रीयीकरणाचा उपाय काढला. १९५३ च्या कायद्याने देशांतर्गत आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, तर परदेशी सेवेसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल हे महामंडळ झाले. जेआरडींचा याला ठाम विरोध होता. आपल्याशी पुरेशी चर्चाही झाली नाही, हे त्यांना अधिक लागले.

तरीही पंतप्रधान नेहरूंनी अध्यक्षपद देऊ केले, तेव्हा त्यांच्यापुढे पेच होता. नकार दिला तर वीस वर्षांत घडवलेली माणसे आणि शिस्त वाऱ्यावर सुटणार. होकार दिला तर ज्या निर्णयाला विरोध केला, तोच यशस्वी करून दाखवायचा. त्यांनी होकार दिला.

मालकी नसताना काय केले?

दर्जा हेच त्यांनी भांडवल मानले. प्रवासात ते टिपणे काढत. चहाचा रंग कॉफीसारखा दिसतो इथपासून पडदे, काउंटरची स्वच्छता, कर्मचाऱ्यांचे वागणे इथपर्यंतच्या सूचना अधिकाऱ्यांना लेखी जात. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ मध्ये ताफ्यातली सर्व विमाने जेट झाली. असे करणाऱ्या जगातील पहिल्या कंपन्यांत एअर इंडियाची गणना होते. १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले जम्बो जेट दाखल झाले.

शेवट कसा झाला?

१ जानेवारी १९७८ रोजी हेच विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ जणांचा बळी गेला. त्यानंतर महिन्याभरातच मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. ज्या पदासाठी २५ वर्षे पगार घेतला नाही, ते असे गेले. १९८० मध्ये इंदिरा गांधी सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, पण अध्यक्षपद पुन्हा मिळाले नाही.

१९८२ मध्ये, पहिल्या उड्डाणाला ५० वर्षे झाली तेव्हा, ७८ वर्षांच्या जेआरडींनी ‘लेपर्ड मॉथ’ विमान कराचीहून जुहूला आणले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

आज प्रश्न काय?

एअर इंडिया खासगी हातांत वाढली आणि सरकारी मालकीतही नावाजली. सरकारी मालकीतच पुढे ती कर्जात बुडाली. म्हणजे मालक कोण, एवढ्यावर दर्जा ठरत नाही. चहाच्या रंगाकडेही लक्ष देणारा माणूस प्रमुखपदी आहे का आणि त्याला काम करू दिले जाते का, यावर तो ठरतो. टाटांकडे परतलेल्या कंपनीलाही हीच कसोटी लागू आहे.