पायऱ्यांवरची बाबागाडी

बाबागाडी ही घरातील एक साधी वस्तू. आईने ती हळूहळू ढकलावी आणि बाळाने तीत निश्चिंत पहुडावे, एवढेच तिचे काम. या वस्तूला चित्रपटकलेत चिरंतन स्थान मिळवून दिले, ते रशियन दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन यांनी.

२२ जानेवारी १८९८ रोजी रीगा येथे त्यांचा जन्म झाला. वडील स्थापत्यविशारद होते. त्यांच्याच वाटेने जाऊन सर्गेई पेट्रोग्राड येथे स्थापत्य अभियांत्रिकी शिकू लागले. परंतु १९१७ मध्ये राज्यक्रांती झाली आणि पुढल्याच वर्षी ते लाल सैन्यात दाखल झाले. वडील मात्र विरुद्ध पक्षाला मिळाले. युद्धानंतर सर्गेई मॉस्कोच्या रंगभूमीकडे व तेथून चित्रपटाकडे वळले.

१९०५ च्या उठावाला वीस वर्षे झाली, तेव्हा त्यांनी ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हा मूकपट निर्माण केला. किडलेल्या मांसामुळे चिडलेल्या खलाशांचे बंड हा त्याचा विषय. त्यात ओडेसाच्या प्रचंड जिन्यावरून झारचे सैनिक निःशस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडीत उतरतात. एक माता गोळी लागून कोसळते. तिच्या देहाचा धक्का लागून बाबागाडी सुटते आणि बाळासह पायऱ्यांवरून घरंगळू लागते. सैनिकांचे बूट, गाडीची चाके, भयभीत चेहरे अशी तुटक दृश्ये आयझेनस्टाइन यांनी एकमेकांशेजारी जोडली. या जोडणीलाच ‘मोंटाज’ म्हणतात. जिन्यावरील हे हत्याकांड इतिहासात जसेच्या तसे घडले नव्हते. त्या दिवसांत ओडेसात अनेक लोक गोळ्यांना बळी पडले होते, हे मात्र खरे. त्या सर्वांची असहायता एका निराधार गाडीतून प्रकट झाली. १९५८ मध्ये ब्रुसेल्स येथे चित्रपट-अभ्यासकांनी या चित्रपटाला सर्वश्रेष्ठ ठरविले.

सत्तेपुढील ही असहायता पुढे खुद्द आयझेनस्टाइन यांच्याही वाट्याला आली. १९३७ मध्ये त्यांचा ‘बेझिन मेडो’ हा चित्रपट अर्ध्यावरच थांबविण्यात आला. १९४६ मध्ये ‘इव्हान द टेरिबल’च्या दुसऱ्या भागावर स्टालिनच्या राजवटीने बंदी घातली. जुलमी राजाच्या त्या चित्रात राज्यकर्त्यांना आपलीच छाया दिसली असावी. ११ फेब्रुवारी १९४८ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, आयझेनस्टाइन निवर्तले. बंदी उठून तो चित्रपट लोकांपुढे आला, तो १९५८ मध्ये. तो पाहण्यास त्याचा कर्ता मात्र उरला नव्हता.