माहेर न्यूझीलंड, सासर ऑस्ट्रेलिया

वेलिंग्टनमध्ये आम्ही मराठी मंडळी जमलो की क्रिकेटच्या गप्पा सचिन, कुंबळेपासून सुरू होऊन रिचर्ड हॅडलीवर येऊन थांबतात. क्लॅरी ग्रिमेटचं नाव सहसा निघत नाही. खरं तर कसोटीत २०० बळी घेणारा जगातला पहिला गोलंदाज तो, आणि जन्माने न्यूझीलंडचा!

२५ डिसेंबर १८९१ रोजी ड्युनेडिनमध्ये त्याचा जन्म झाला; वाढला मात्र वेलिंग्टनमध्ये. शाळेत त्याला वेगवान गोलंदाज व्हायचं होतं, पण शिक्षकांनी लेगस्पिनकडे वळवलं. पुढे तो दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम शिकला आणि वेलिंग्टनच्या संघातही आला. त्याच्या वरची पायरी इथे नव्हती. न्यूझीलंडची पहिली कसोटी झाली ती थेट १९३० साली. ग्रिमेट १९१४ मध्येच सिडनीला निघून गेला होता.

तिथे कोणी पायघड्या घातल्या नाहीत. सिडनी झालं, मेलबर्न झालं. व्हिक्टोरियाकडून मोजकेच सामने मिळाले. पोटासाठी पाट्या रंगवणं चालूच. घरामागे त्याने सरावाची खेळपट्टी केली होती आणि टाकलेले चेंडू परत आणायला कुत्र्याला शिकवलं होतं. शेवटी तो अ‍ॅडलेडला गेला आणि नशीब उघडलं. १९२५ मध्ये सिडनीला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळला, तेव्हा वय ३३. त्या सामन्यात ८२ धावांत ११ बळी!

आमच्या आयटीत तिशी उलटली की नवीन काही शिकायला उशीर झाला, असं वाटायला लागतं. हा माणूस तर चाळिशीकडे झुकल्यावरही नवा चेंडू घोटत होता. चुटकी वाजवल्यासारखा बोटांतून सुटणारा आणि टप्पा पडल्यावर खाली राहून झपकन आत शिरणारा ‘फ्लिपर’ ही त्याचीच देणगी. पुढे शेन वॉर्नने आणि आपल्या कुंबळेनेही तो वापरला.

१९३५-३६ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात, वयाच्या चव्वेचाळिशीत, त्याने पाच कसोटींत ४४ बळी घेतले. एका मालिकेत इतके बळी आजवर दुसऱ्या कुठल्याही ऑस्ट्रेलियन गोलंदाजाला मिळालेले नाहीत. आणि त्यानंतर त्याला पुन्हा कधीच कसोटी संघात घेतलं नाही. ३७ कसोटी, २१६ बळी; हिशोब तिथेच थांबला. त्याचा जोडीदार बिल ओ’रायलीला ही गोष्ट कायम खुपत राहिली. १९८० मध्ये ग्रिमेट अ‍ॅडलेडलाच गेला.

सासरने नाव दिलं आणि शेवटी दारही लावून घेतलं. माहेरी तर तो कधी कसोटी खेळलाच नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना बेसिन रिझर्व्ह मैदान दाखवायला नेतोच. वेलिंग्टनच्या संघाचं हे घरचं मैदान. या वेळी तिथे बसून त्यांना ग्रिमेटची गोष्ट जरूर सांगा.