लुई ब्रेल : ठिपक्यांनी रेखाटणारा अंध शिक्षक

लुई ब्रेल हे नाव उच्चारताच सहा ठिपक्यांची लिपी आठवते. ती लिपी जगभर पोहोचली. १९५१ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या भारती ब्रेलच्या रूपाने आपली मराठीही त्याच ठिपक्यांत वाचली जाते. परंतु अंध व्यक्तीला स्वतःच्या हाताने अक्षराचा आकार, नकाशा किंवा भूमितीची आकृती रेखाटता यावी म्हणून त्यांनी आणखी एक पद्धत शोधली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. ह्या दुसऱ्या शोधात त्यांचे मन अधिक स्पष्ट दिसते, असे मला वाटते.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील कूव्रे ह्या खेड्यात झाला. वडील सिमोन-रने हे घोड्यांचे खोगीर व लगाम तयार करीत. तीन वर्षांचा लुई एके दिवशी वडिलांच्या कामाच्या खोलीत कातडे टोचत बसला असता अणकुचीदार हत्यार निसटून त्याच्या डोळ्यात गेले. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. वडिलांनी लाकडी फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार तयार केले व मुलाची बोटे त्यांवरून फिरवली, असे सांगतात. गावचे धर्मगुरू फादर पालुई ह्यांनी त्याला शिकविण्यास आरंभ केला, आणि पुढे गावच्या शाळेत तो डोळस मुलांबरोबर बसू लागला.

१८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, लुई पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. शाळेची इमारत म्हणजे पूर्वीची सें-फिर्मॅं सेमिनरी. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ च्या सप्टेंबर महिन्यात, तेथे अनेक धर्मगुरूंची हत्या झाली होती. त्याच दमट भिंतींच्या आत आता अंध मुले शिकत होती. शाळेचे संस्थापक व्हॅलेंतॅं आऊई ह्यांनी ओला कागद खिळ्यांच्या टाइपावर दाबून उठावदार अक्षरांची पुस्तके तयार केली होती. ती बोटांनी वाचता येत, पण एकेका अक्षराची वळणे चाचपडत जावे लागे. शिवाय अशी अक्षरे लिहिणे अंध मुलाला अशक्यच होते. म्हणजे तो केवळ वाचक. लेखक कधीच नाही!

बार्बिए नावाच्या निवृत्त सैनिकी अधिकाऱ्याने बारा ठिपक्यांची एक पद्धत ह्या शाळेत आणली. लुईने तिचा अभ्यास केला, ठिपके सहावर आणले आणि १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, आपली लिपी सिद्ध केली. ती १८२९ मध्ये छापून प्रसिद्ध झाली. बोटाच्या टोकाखाली एक अक्षर संपूर्ण मावते, ही तिची सारी किमया. टोचणी व खाचांची पाटी एवढ्या साधनांवर अंध मूल लिहू लागले.

मात्र एक अडचण उरलीच. हे ठिपके डोळस माणसाला वाचता येत नव्हते. घरी पत्र पाठवायचे तर दुसऱ्याला मजकूर सांगावा लागे. मनातले गुज तिसऱ्याच्या कानावर घालूनच आईपर्यंत पोहोचे. तोवर ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले होते. ज्या अक्षराच्या आकाराचा त्यांनी स्वतःच्या लिपीसाठी त्याग केला होता, त्याच आकाराकडे ते आता परत वळले. १८३९ मध्ये त्यांनी एक पुस्तिका काढली. अक्षरे, भूगोलाचे नकाशे, भूमितीच्या आकृत्या व संगीताची चिन्हे ठिपक्यांनी कशी रेखाटावीत, हे तीत सांगितले होते. ह्या पद्धतीत उभ्या ओळीत ठिपक्याच्या दहा जागा असत. प्रत्येक अक्षरासाठी कोणत्या ओळीत कितव्या जागी टोचायचे, ह्याचे आकडे ठरलेले. विद्यार्थ्याने आकडे पाठ करायचे आणि जाळीच्या आधाराने टोचत जायचे. रेषा न पाहता, केवळ मोजून, कागदावर आकार उमटे. तो अंधाच्या बोटाला कळे आणि डोळसाच्या नजरेलाही.

काम मात्र फार संथ होते. तेव्हा पिएर फुको हे त्यांच्या मदतीला आले. तेही अंध, त्याच शाळेचे माजी विद्यार्थी आणि यंत्रांत अतिशय कुशल. त्यांनी १८४१ मध्ये एक यंत्र बनविले. पंख्यासारख्या पसरलेल्या दहा दांड्या खाली एका उभ्या ओळीत एकत्र येत. जी दांडी दाबावी तिचा ठिपका उमटे. कार्बनसारखा काळा कागद घातला की ठिपके ठळक दिसत. ह्या यंत्राबद्दल फुको ह्यांना १८४३ मध्ये प्लॅटिनमचे पदक मिळाले. पुढे टंकलेखन यंत्रे आली आणि हे यंत्र मागे पडले. पण ह्या पद्धतीने लिहिलेली ब्रेल ह्यांची काही पत्रे आजही जतन करून ठेवलेली आहेत.

ह्याच काळात त्यांच्याच शाळेत त्यांच्या सहा ठिपक्यांवर बंदी होती. नवे संचालक द्युफो ह्यांना उठावदार अक्षरेच योग्य वाटत. विद्यार्थी लपून लिहीत राहिले, आणि १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी लिपीला पुन्हा मान मिळाला. ब्रेल भांडल्याचे कोठे दिसत नाही. ते शिकवीत आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. १८३५ च्या सुमारास जडलेला क्षयरोग त्यांना आतून पोखरत होता.

६ जानेवारी १८५२ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, वयाच्या ४३ व्या वर्षी ते प्रभूच्या स्वाधीन झाले. त्यांच्यामागे एक बंद पेटी सापडली. ती न उघडताच जाळावी, अशी त्यांची इच्छा होती. उघडली तेव्हा तीत निघाल्या विद्यार्थ्यांना दिलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या. फ्रान्समध्ये त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ मध्ये.

त्यांना कूव्रे येथेच मातीत ठेवण्यात आले. शंभर वर्षांनी, १९५२ मध्ये, त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये राष्ट्रीय सन्मानाने नेण्यात आले. गावकऱ्यांच्या वाट्याला मात्र त्यांचे हात आले. ते कूव्रेच्या कबरस्थानात एका लहान कलशात ठेवलेले आहेत.