जगन्नाथराव भोसले : सैनिकाची शिस्त आणि नागरिकाची शिस्त

१. प्रस्तावना

चरित्रकाराला घटनांचा क्रम सांगावा लागतो. त्याचबरोबर चरित्रनायकाच्या आयुष्यातील विसंगतीही वाचकापुढे ठेवावी लागते. प्रस्तुत घटकासाठी निवडलेल्या चरित्रात अशी एक ठळक विसंगती आहे. ब्रिटिश लष्करी कायद्याच्या दृष्टीने ज्यांनी शिस्तीचा सर्वांत गंभीर भंग केला, त्याच अधिकाऱ्याकडे स्वतंत्र भारतात शाळकरी मुलांना शिस्त शिकविण्याचे काम आले. ते अधिकारी म्हणजे आझाद हिंद सेनेचे मेजर जनरल जगन्नाथराव कृष्णराव भोसले.

पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील अभ्यासकांना हा काळ परका नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला ‘चले जाव’ आंदोलनाच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच तरुणांना हौतात्म्य आले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला हुतात्मा स्तंभ आपण येता-जाता पाहतो. त्या सुमारास कोकणाच्या दुसऱ्या टोकाचे जगन्नाथराव सिंगापुरात युद्धकैदी होते आणि कायदा मोठा की देश, हाच प्रश्न वेगळ्या रूपात त्यांच्यापुढेही उभा होता.

२. जडणघडण आणि लष्करी सेवा

जगन्नाथरावांचा जन्म १९०६ साली सावंतवाडी संस्थानातील तिरोडे या गावी झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. त्यांचे शिक्षण डेहराडून येथील लष्करी विद्यालयात झाले. हे विद्यालय १९२२ साली सुरू झाले होते आणि हिंदी मुलांना ब्रिटिश सैन्यातील अधिकारपदासाठी तयार करणे हा त्याचा हेतू होता. पुढे इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी प्रबोधिनीत शिक्षण घेऊन ते हिंदी सैन्यात अधिकारी झाले. त्या काळी सैन्यातील बहुसंख्य अधिकारी इंग्रज असत. सँडहर्स्टहून सनद मिळविणाऱ्या हिंदी तरुणांची संख्या फारच थोडी होती. राजाच्या नावे दिलेली ती सनद स्वीकारताना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे.

दुसऱ्या महायुद्धात लेफ्टनंट कर्नल या पदावर असताना ते मलाया-सिंगापूरच्या आघाडीवर होते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. दोनच दिवसांनी तेथील फॅरर पार्क मैदानावर हजारो हिंदी सैनिकांना जपान्यांच्या ताब्यात देण्यात आले. ज्यांच्यासाठी शपथ घेतली, त्यांनीच आपल्याला दुसऱ्याच्या हवाली केले, ही भावना त्या मैदानावरील अनेकांच्या मनात होती. कॅप्टन मोहनसिंग यांनी तेथे आझाद हिंद सेनेची कल्पना मांडली.

३. आझाद हिंद सेना

मोहनसिंग कॅप्टन होते, तर भोसले त्यांच्याहून वरच्या पदाचे. उतरंडीला सर्वस्व मानणाऱ्या सैनिकी मनाला कनिष्ठ अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली जाणे सोपे नव्हते. तरीही सप्टेंबर १९४२ मध्ये सेनेची रीतसर उभारणी झाली, तेव्हा तिच्या एका प्रमुख दलाचे नेतृत्व भोसल्यांकडे आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपान्यांशी मतभेद होऊन मोहनसिंगांना अटक झाली आणि सेना मोडण्याच्या बेतास आली. १९४३ च्या आरंभी तिची पुन्हा जुळवाजुळव झाली, तेव्हा लष्करी विभागाचे संचालक म्हणून भोसल्यांनी तिची घडी बसविण्याचे काम केले. जुलै १९४३ मध्ये सुभाषचंद्र बोस सिंगापूरला आले. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झालेल्या हंगामी सरकारात सेनेचे एक प्रतिनिधी म्हणून भोसल्यांचा समावेश होता.

इंफाळच्या मोहिमेतील शौर्यकथा आपण ऐकलेल्या असतात. भोसल्यांचे कार्य प्रामुख्याने संघटनेचे आणि प्रशासनाचे होते. कैदेतून आलेले, निरनिराळ्या प्रांतांचे, भाषांचे आणि धर्मांचे सैनिक एका आज्ञेखाली आणणे हे ते कार्य. हे सैनिक एका शपथेतून बाहेर पडून दुसरी शपथ घेत होते. त्यांना केवळ शिक्षेच्या भीतीने एकत्र ठेवणे शक्य नव्हते. आपण कशासाठी लढतो आहोत हे त्यांना पटणे आवश्यक होते. भोसल्यांच्या पुढील कार्याचे बीज या अनुभवात आहे.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. अनेक अधिकाऱ्यांप्रमाणे भोसल्यांनाही बंदिवास घडला. लाल किल्ल्यातील खटल्याने देश ढवळून निघाला आणि अखेर सरकारला नमते घ्यावे लागले. परंतु स्वातंत्र्यानंतरही आझाद हिंद सेनेच्या लोकांना भारतीय सैन्यात परत घेतले गेले नाही. देशाने त्यांना वीर मानले, सैन्याने मात्र पुन्हा आपले म्हटले नाही. जनता भोसल्यांना ‘जनरल’ म्हणत राहिली. पण त्या जनरलला सैन्य उरले नव्हते.

४. राजकारण आणि राष्ट्रीय अनुशासन योजना

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भोसले काँग्रेसतर्फे रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले आणि केंद्र सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीमुळे उखडलेल्या कुटुंबांचा प्रश्न या खात्यापुढे होता. निर्वासितांना घरे, जमिनी आणि भरपाई देण्याचे काम कागदोपत्री मोजता येत असे. ज्या मुलांनी कत्तल आणि पळापळ पाहिली, त्यांचे मन कसे सावरावे, याचे उत्तर फायलींमध्ये नव्हते.

१९५४ साली दिल्लीतील कस्तुरबा निकेतन या निर्वासितांच्या वसाहतीत भोसल्यांनी एक उपक्रम सुरू केला. तोच पुढे राष्ट्रीय अनुशासन योजना म्हणून ओळखला गेला. सामूहिक कवायत, व्यायाम, राष्ट्रगीते, लोकनृत्ये, थोरांच्या गोष्टी आणि नागरिकाच्या कर्तव्यांचे शिक्षण असे तिचे स्वरूप होते. तिच्या शिक्षकांत माजी सैनिकांचा आणि आझाद हिंद सेनेतील सहकाऱ्यांचा भरणा होता. नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राजस्थानात सरिस्का येथे केंद्र उघडण्यात आले. मुलांच्या हाती बंदूक द्यायची नाही, हा या योजनेचा विशेष होता. योजना हळूहळू निर्वासितांच्या वसाहतींबाहेर इतर राज्यांतील शाळांत पसरली आणि तिचा कारभार शिक्षण मंत्रालयाकडे गेला. भोसल्यांनी अखेरपर्यंत तिची धुरा वाहिली. १९६३ साली त्यांचे निधन झाले.

५. मूल्यमापन

‘शिस्त’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. बंदूक रोखताना धरलेला नेम हा त्याचा जुना अर्थ. पुढे त्याला सरळ रांगेचा आणि त्यानंतर नियमबद्ध वर्तनाचा अर्थ प्राप्त झाला. भोसल्यांच्या चरित्रात हे तिन्ही अर्थ भेटतात. तरुणपणी त्यांनी राजाच्या सैन्याची रांग पाळली, पुढे नेम बदलला म्हणून ती रांग मोडली, आणि उत्तरायुष्यात लहान मुलांना नियमबद्ध वर्तन शिकविले. म्हणून आरंभी नोंदविलेली विसंगती बारकाईने पाहिली की बरीचशी निवळते. नेम कोणता हे ठाऊक असल्याशिवाय रांगेला अर्थ नाही, हा धडा त्यांना सिंगापूरने दिला होता.

तथापि चरित्रकाराने गौरवापाशी थांबू नये. आज्ञेवर एकाच वेळी हात उचलणारी शेकडो मुले पाहून मन प्रसन्न होते. परंतु त्यांतील किती मुले पुढे विचारपूर्वक नियम पाळणारी नागरिक झाली, हे कवायतीच्या मैदानावर कळत नाही. शाळांत अशाच स्वरूपाच्या अनेक योजना समांतर चालत होत्या. त्यांचा विचार करण्यासाठी हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने एकत्रित कार्यक्रमाची शिफारस केली. त्यानुसार १९६५ पासून ही योजना नव्या राष्ट्रीय कार्यक्रमात विलीन झाली. भोसल्यांच्या निधनानंतर अवघ्या दोन वर्षांत तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. ज्या कार्याचा आधार एका व्यक्तीचा अनुभव असतो, ते त्या व्यक्तीमागे संस्थेच्या रूपाने टिकविणे किती अवघड असते, याचे हे उदाहरण आहे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सांभाळून अभ्यास करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न रोजच्या कामातून परिचित असेल. पर्यवेक्षक पाहत असताना हातमोजे घालणे आणि रात्रपाळीत कोणी पाहत नसतानाही ते घालणे, यांत अंतर आहे. ते अंतर कसे ओलांडायचे, हीच भोसल्यांच्या उत्तरायुष्याची चिंता होती.

६. स्वाध्याय

१. भोसल्यांच्या चरित्रातील विसंगती कोणती? प्रस्तुत लेखनात तिची उकल कशी केली आहे?
२. १९४२ मधील पालघरचा मोर्चा आणि सिंगापुरातील युद्धकैद्यांचा निर्णय यांत कायदा आणि निष्ठा यांचा प्रश्न कसा उपस्थित होतो, ते लिहा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या दिवंगत सार्वजनिक व्यक्तीचे दोनशे शब्दांत चरित्र लिहा. गौरवाबरोबर तिच्या कार्याच्या मर्यादाही नोंदवा.